हाझेनक्लेव्हर आडनाव कुठलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भोसरीच्या फोर्जिंग शॉपमध्ये तुम्ही ज्या जुन्या स्क्रू प्रेसवर काम करता, तिच्या नेमप्लेटवर ‘हाझेनक्लेव्हर (Hasenclever), डुसेलडॉर्फ’ असं कोरलेलं आहे. मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपने ‘हासे’ म्हणजे ससा आणि ‘क्लेव्हर’ म्हणजे हुशार असा उलगडा केला आणि तेव्हापासून शॉपमध्ये त्या प्रेसला ‘ससा’ म्हणतात. मग एका वेबसाइटवर तुम्हाला या आडनावाचं घराण्याचं मानचिन्ह विकायला ठेवलेलं दिसलं. त्यावर ससा, क्लोव्हरची तीन पानं आणि खाली ‘प्राचीन सरदार घराणं’. आता तुम्ही विचारताय की आडनावाचा अर्थ काय, मूळ कुठलं, जर्मनीत अशी माणसं किती, आणि हे लोक खरंच सरदार होते का.

प्रश्न चार आहेत, पण मुळात एकच आहे. हे आडनाव कुठल्या जागेचं? जागा सापडली की अर्थ, संख्या आणि सरदारकी या तिन्हींची उत्तरं तिच्या मागोमाग येतात. पश्चिम जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमधल्या कुटुंबांना त्यांची जुनी चर्चची दप्तरं वाचून देण्याचं काम मी करते. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी अर्थापासून सुरुवात करतात आणि हमखास भरकटतात. डिक्शनरी उघडून आडनावाचे दोन तुकडे केले की काही ना काही अर्थ निघतोच. तो त्या आडनावाचाच आहे की नाही, हे तुकड्यांवरून कळत नाही.

आधी उच्चाराचं सांगते. जर्मनमध्ये दोन स्वरांच्या मधला ‘एस’ हा ‘झ’ होतो, म्हणून हासेन नव्हे, हाझेन. ‘क्ले’मधला ए लांबवायचा आणि शेवटचा र जवळजवळ गिळायचा. शॉपमध्ये ‘हासनक्लेवर’ म्हणत असाल तर बिघडलं काहीच नाही, पण जर्मन माणसाशी फोनवर बोलताना उपयोगी पडेल.

‘हुशार ससा’ मात्र आजच रद्द करा. हुशार या अर्थाचा ‘क्लेव्हर’ जर्मनमध्ये इंग्रजीतून आला, तोही एकोणिसाव्या शतकात. आणि पीटर हाझेनक्लेव्हर नावाचा व्यापारी जन्मला 1716 साली. शब्द भाषेत येण्याआधीच त्यावरून आडनाव पडणं शक्य नाही. आडनावांच्या कामात ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीची चाचणी. आडनाव आधीचं की शब्द आधीचा, एवढंच बघायचं. निम्मे अंदाज इथेच गळतात.

दुसरा अंदाज जास्त फसवा आहे, आणि मानचिन्ह विकणाऱ्याने तोच धरलाय. उत्तर जर्मनीतल्या बोलींमध्ये क्लोव्हरच्या गवताला ‘क्लेव्हर’ म्हणतात, डचमध्ये ‘क्लाव्हर’. शिवाय ‘हाझेनक्ले’, म्हणजे सशाचं क्लोव्हर, नावाची खरीखुरी वनस्पती आहे. सशाच्या पायासारखे मऊ, लवदार तुरे येणारी. म्हणजे सशाच्या क्लोव्हरच्या शेतापाशी राहणारा तो हाझेनक्लेव्हर! भाषेच्या दृष्टीने यात काही चूक नाही, काळाच्या दृष्टीनेही नाही. तरी मी तो मानत नाही. कारण त्याहून जवळचं उत्तर नकाशावर उभं आहे.

डुसेलडॉर्फपासून पूर्वेला, वुपर्टालच्या दक्षिणेला, रेम्शाइड नावाचं गाव आहे. या डोंगराळ भागाला बेर्गिशेस लांट म्हणतात. एकेकाळी इथे बेर्ग घराण्याची डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, होती, त्यावरून हे नाव पडलं. रेम्शाइडच्या परिसरात हाझेनक्लेव्ह नावाची वस्ती आहे. तिथला माणूस तो हाझेनक्लेव्हर. आपल्याकडे तळेगावचा तो तळेगावकर, तसंच. शेवटचा ‘-एर’ हा तिथला ‘-कर’ समजा. हा ‘-एर’ लक्षात आला की ‘क्लेव्हर’ हा एक शब्द उरतच नाही. ‘क्लेव्ह’ वेगळा होतो आणि ‘एर’ वेगळा. हुशारी आणि क्लोव्हर दोन्ही त्या क्षणी निकालात निघतात.

मग क्लेव्ह म्हणजे काय? कडा, तीव्र उतार. इंग्रजीतला क्लिफ आणि जर्मनमधला क्लिफ यांचाच हा भाऊ. डच सीमेजवळच्या क्लेव्हे शहराचं नावही याच शब्दावरून आलंय. तिथला श्वानेनबुर्ग किल्ला सपाट मुलखात एकदम उठलेल्या उंचवट्यावर आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्ह्ज ती इथल्याच घराण्यातली. गंमत अशी की या क्लेव्हे शहराच्या मानचिन्हात क्लोव्हरची तीन पानं आहेत! शहराचं नाव कड्यावरून पडलं, पण चिन्ह काढणाऱ्यांनी उच्चार ऐकून गवत काढलं. युरोपात मानचिन्हांमध्ये अशा शाब्दिक कोट्या सर्रास चालायच्या. तेव्हा मानचिन्हात पान दिसलं म्हणून नावात पान आहे असं धरू नका. मानचिन्ह हा नावाच्या अर्थाचा पुरावा नसतो. नंतरच्या माणसांना नाव कसं ऐकू आलं, एवढंच त्यातून कळतं.

रेम्शाइडच्या आसपास हा शब्द जागोजागी भेटतो. तिथलं हत्यारांचं संग्रहालय, जर्मन वेर्कत्सॉइगम्युझियम, हास्टेन भागात आहे, आणि त्याच्या शेजारचा अठराव्या शतकातला व्यापाऱ्यांचा पाटीवजा दगडांनी मढवलेला वाडा ‘हाउस क्लेफ’ म्हणून ओळखला जातो. क्लेफ, क्लेव्ह, क्लेव्हे ही एकाच शब्दाची लिहिण्याची वेगवेगळी रूपं. ‘फोम क्लेफ’ असंही आडनाव त्या भागात आहे, म्हणजे ‘कड्यावरचा’. आणि कडे खरोखरच आहेत. रेम्शाइड आणि झोलिंगेनच्या मधली वुपर नदीची दरी ओलांडायला 1897 साली म्युंगस्टेनचा लोखंडी रेल्वे पूल बांधला. 107 मीटर उंचीचा हा पूल आजही जर्मनीतला सगळ्यात उंच रेल्वे पूल आहे. अशा मुलखात वस्तीला उताराचं नाव पडलं यात नवल काय?

पहिल्या तुकड्यातला ससा मात्र मी ठेवते. जागांच्या नावात ‘हाझेन’ आला की तो बहुधा ससाच असतो, कारण कुरणं, टेकड्या, उतार यांना प्राण्यांची नावं देण्याची रीत तिथे जुनी आहे. कधीकधी त्यामागे एखाद्या माणसाचं जुनं नाव निघतं. ते वस्तीच्या सगळ्यात जुन्या लिखित रूपावर अवलंबून असतं. म्हणजे तुमच्या प्रेसला ससा म्हणायला हरकत नाही. फक्त तो हुशार नाही, कड्यावरचा आहे.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या लोकांना पटकन कळते आणि जर्मन लोकांना समजावून सांगावी लागते. हाझेनक्लेव्हमध्ये राहणाऱ्यांना शेजारीपाजारी हाझेनक्लेव्हर म्हणून काय उपयोग? सगळेच तिथले. वस्ती सोडून चार कोसांवर गेलं की हे नाव कामाला येतं. म्हणून अशा आडनावाची जुनी माणसं वस्तीच्या बाहेर, पण चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सापडतात. शोध घेताना वस्तीतच अडकून बसणारे म्हणतात ‘इथे तर कुणी नाही’ आणि हात टेकतात.

दुर्मीळ का, याचंही उत्तर यातच आहे. म्युलर म्हणजे गिरणीवाला. जर्मन मुलखात प्रत्येक ओढ्यावर गिरणी होती, म्हणून म्युलर हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले आणि आज त्यांची संख्या सात लाखांच्या घरात मानली जाते. हाझेनक्लेव्हर एका छोट्या वस्तीतून निघाले. उगम एकच, आणि तोही चार-दोन घरांचा. अशी आडनावं फार वाढत नाहीत. एखाद्या पिढीत मुलीच जास्त झाल्या तर एखादी शाखा आटूनही जाते. जर्मनीत आज सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं आहेत आणि त्यांतली बहुसंख्य अशीच तुरळक आहेत. तेव्हा ‘दुर्मीळ’ ही काही विशेष बाब समजू नका. दुर्मीळ असणं हाच तिथला नियम आहे, म्युलर-श्मिट अपवाद.

माणसं किती, यावर एक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही. जर्मनीत आडनावनिहाय जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. अभ्यासक टेलिफोनच्या नोंदी वापरतात. सात खंडांचा जर्मन आडनावांचा ॲटलास आणि माइन्त्सच्या अकादमीचा ऑनलाइन आडनाव-कोश, दोन्हींचा पाया 2005 सालच्या लँडलाइन जोडण्या हा आहे. त्यानंतर लोक मोबाइलवर गेले, त्यामुळे नंतरची यादी उलट कमी भरवशाची. एका जोडणीमागे साधारण अडीच ते तीन माणसं धरतात. म्हणजे कोशात एखाद्या आडनावाच्या 100 जोडण्या दिसल्या तर अडीचशे ते तीनशे माणसं, असा ढोबळ हिशेब. तुम्ही हा कोश उघडून हाझेनक्लेव्हर टाका आणि संख्येपेक्षा नकाशा बघा. ठिपके कुठे दाटलेत, त्याला जास्त किंमत आहे.

त्याला जोडून दुसरा, जुना नकाशा बघावा. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या तिथल्या हौशी वंशावळकारांच्या संघटनेने, फेराइन फ्युर कॉम्प्युटरगेनेआलोगीने, स्वयंसेवकांकडून संगणकावर चढवून घेतल्या आहेत. ऐंशी लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि त्यांत गावांची नावं येतात. ही मुलं जन्मली साधारण 1870 ते 1900 च्या दरम्यान, म्हणजे आधुनिक स्थलांतरं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरची पळापळ होण्याआधीचं चित्र तुम्हाला मिळतं. दोन्ही नकाशे एकाच जागी दाटत असतील तर उगम तिथेच, असं बेलाशक म्हणावं.

नकाशा नसला तरी ओळखीच्या माणसांवरून अंदाज येतोच. व्यापारी पीटर 1716 साली रेम्शाइडला जन्मला. डुसेलडॉर्फच्या चित्रशाळेतला नावाजलेला चित्रकार योहान पीटर हाझेनक्लेव्हर 1810 साली तिथलाच. समाजवादी पुढारी विल्हेल्म हाझेनक्लेव्हर 1837 साली आर्न्सबेर्गला जन्मला. हा मुळात कातडी कमावण्याचं काम शिकलेला, पुढे 1875 नंतर एकत्र आलेल्या समाजवादी पक्षाच्या अग्रभागी. नाटककार वाल्टर हाझेनक्लेव्हर 1890 साली आखेनला. नाझींमुळे देशोधडीला लागला आणि 1940 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ले मिल छावणीत त्याने जीवन संपवलं. यांची जन्मगावं पाहा. रेम्शाइडपासून सगळी शंभर किलोमीटरच्या आत.

यातला पीटर मला सगळ्यात आवडतो, आणि लोखंडाच्या धंद्यातले म्हणून तुम्हालाही आवडेल. रेम्शाइडच्या ओढ्यांवर पाण्याच्या चाकाने चालणारे हातोडे होते. तिथे पोलाद, विळे, कोयत्या आणि हत्यारं घडायची आणि तिथले व्यापारी ती परदेशात विकायचे. पीटर या व्यापारात लिस्बन आणि कादिझपर्यंत गेला, मग लंडनला भागीदार गाठले आणि त्यांच्या पैशावर 1764 साली अमेरिकेत उतरला. जर्मनीतून पाचशेहून जास्त कारागीर आणि त्यांची कुटुंबं नेऊन त्याने न्यू जर्सीत रिंगवुड, लाँग पाँड आणि शार्लटबर्ग इथे भट्ट्या आणि भाते सुरू केले. खर्च हाताबाहेर गेला, भागीदारांनी काढून टाकलं, दिवाळं निघालं. शेवटी हा माणूस सायलेशियात लांडेसहूट इथे लिननच्या व्यापारात रमला आणि 1793 साली तिथेच वारला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. न्यूयॉर्कजवळच्या हॅरिमन स्टेट पार्कात ‘हाझेनक्लेव्हर माइन’ ही जुनी लोहखनिजाची खाण आजही नकाशावर आहे. एका वस्तीवरून माणसाला नाव मिळालं आणि त्या माणसावरून दुसऱ्या खंडातल्या खाणीला. तिथे हे नाव दिसलं म्हणून त्या भागात हाझेनक्लेव्हर कुटुंबं राहत होती असा निष्कर्ष मात्र काढू नका. शोधणारे यात फसतात.

आता सरदारकी. हाझेनक्लेव्हर हे वस्तीचं नाव आहे, आणि वस्तीचं नाव लावणारा बहुधा शेतकरी किंवा कारागीर असायचा. जर्मन आडनावात ‘फोन’ (von) दिसला की लोकांना लगेच किल्ला दिसतो. पण बेर्गिशेस लांटमध्ये ‘फोम’ किंवा ‘इन डेर’ लावणारी कितीतरी साधी घराणी आहेत, कारण तिथे तो फक्त ‘अमुक जागेचा’ एवढंच सांगतो. या आडनावात तर तोही नाही. हे लोक व्यापारातून श्रीमंत झाले, काहींनी मानचिन्हही घेतलं असेल. तसं करायला सरदार असावं लागत नसे, शहरातले नागरिकही घ्यायचे. पण मानचिन्ह एका कुटुंबाचं असतं, आडनावाचं नसतं. आडनावाच्या नावाखाली विकलं जाणारं चित्र भिंतीवर लावायला छान, बाकी त्याची किंमत कागदाएवढी.

इथपर्यंत मी ठामपणे बोलले. आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. आडनावाचा उगम एक म्हणून रक्तही एक, असं नसतं. एकाच वस्तीतून निघालेली दोन बिननात्याची कुटुंबंही तेच नाव लावू शकतात. शिवाय शेजारच्या वेस्टफालियात घर आणि शेत ज्याचं, त्याचं नाव, अशी जुनी पद्धत होती. एखादा तरुण लग्न करून बायकोच्या शेतावर राहायला गेला की तो त्या शेताचं नाव लावायचा, आणि दप्तरात ‘अमुक, गेनान्ट तमुक’ म्हणजे ‘तमुक म्हणून ओळखला जाणारा अमुक’ अशी नोंद व्हायची. म्हणून तुमच्या प्रेसचा मूळ मालक आणि अमेरिकेतला पीटर एकाच घरचे असतील असं मी आडनावावरून म्हणणार नाही. ते पिढ्या जोडूनच ठरवावं लागतं.

आणि जोडायच्या म्हणजे दप्तरं वाचावी लागतात, तिथे या आडनावाच्या काही खास अडचणी आहेत. जुनी नोंद कुरेंट लिपीत, म्हणजे जुन्या जर्मन हस्तलिपीत, असते. त्यात ‘ई’ हे अक्षर दोन छोट्या समांतर रेघांचं असतं आणि ‘एन’ही जवळपास तसंच. हाझेनक्लेव्हरमध्ये ‘ई’ तीनदा येतो आणि पहिल्याच्या लगेच मागे ‘एन’ चिकटलेला. घाईत लिहिलेल्या पानावर तिथे नुसती चार काठ्यांची रांग दिसते, ‘न’ कुठे सुरू होतो कळत नाही. पुढे ‘व्ही’. जुने लेखनिक ‘व्ही’च्या जागी बिनदिक्कत ‘यू’ लिहायचे, त्यामुळे संगणकावर नोंदी चढवणाऱ्याने तो ‘हाझेनक्लॉयर’ असा वाचला तर तुमच्या शोधात ती नोंद येणारच नाही. ‘सी’च्या जागी ‘के’, ‘व्ही’च्या जागी दोन ‘एफ’, ‘ए’च्या जागी दोन ‘ए’ हे तर रोजचंच. भर म्हणून अठराव्या शतकापर्यंत बायकांच्या आडनावाला ‘-इन’ लावायचे, म्हणजे बहीण दप्तरात हाझेनक्लेव्हरिन. हे माहीत नसेल तर घरातल्या सगळ्या मुली हरवल्या असं वाटतं.

‘सी’ अजून टिकून राहिलाय त्याचंही कारण आहे. 1901 च्या परिषदेनंतर जर्मन शुद्धलेखनात अनेक शब्दांचा ‘सी’ जाऊन ‘के’ आला. क्लेव्हे शहरसुद्धा पुढे ‘के’ लावू लागलं. पण प्रशियात ऑक्टोबर 1874 पासून आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद सक्तीची झाली होती, आणि त्या नोंदीत आडनाव जसं लिहिलं गेलं तसं गोठलं. त्यामुळे आज ‘सी’वाले आणि ‘के’वाले वेगळे दिसले तरी 1874 च्या आधी ते एकाच आजोबाची नातवंडं असू शकतात. दोन्ही शोधायचेच.

तुम्हाला पुढे जायचं असेल तर वाट दोन ठिकाणी फुटते. आडनाव शोधायचं असेल तर रेम्शाइडचा भाग मुख्यतः प्रोटेस्टंट, तेव्हा प्रोटेस्टंट चर्चची दप्तरं ऑनलाइन दाखवणारं आर्किऑन हे पोर्टल बघा, पैसे भरून वापरावं लागतं. फ्रेंच अमलामुळे बेर्गमध्ये 1810 पासूनच सरकारी नोंदी सुरू झाल्या, त्या डुइसबुर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. जन्माची नोंद 110 वर्षांनी, लग्नाची 80 वर्षांनी आणि मृत्यूची 30 वर्षांनी कुणालाही बघता येते. त्याहून अलीकडची फक्त थेट नातेवाइकांना किंवा कायदेशीर हितसंबंध दाखवणाऱ्यांना.

प्रेस शोधायची असेल तर मात्र वंशावळीत शिरू नका. डुसेलडॉर्फचा हाझेनक्लेव्हर कारखाना पुढे एसएमएस समूहात गेला, आणि ऱ्हाइनलँड-वेस्टफालियातल्या उद्योगांची जुनी कागदपत्रं जपणारं आर्थिक अभिलेखागार कोलोनला आहे, 1906 साली सुरू झालेलं. त्यांना साध्या जर्मनमध्ये ईमेल लिहा. त्यात नेमप्लेटवरचा मशीन नंबर, बनवल्याचं वर्ष असेल तर तेही, आणि प्लेटचा सरळ समोरून काढलेला फोटो द्या. प्लेट ग्रीसने माखलेली असेल तर आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा, वायर ब्रश लावू नका. उथळ कोरलेले आकडे त्याने जातात. जर्मन मजकुराचा मसुदा केलात तर इथेच टाका, बघून देईन.